सुट्टीत पॉश बोलिंगला जाताना : बुकिंगपासून बिलापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं सुट्टीत गोव्याला, पुण्याला, नाहीतर बेंगळुरूला जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरांना कुठूनतरी कळतं की अमुक मॉलमध्ये वरच्या मजल्यावर बोलिंग आहे. जाऊन बघावं तर निळेजांभळे दिवे, चामड्याचे सोफे, छताला टांगलेले स्क्रीन, एका अंगाला बार, आणि दारात काळ्या शर्टातला पोरगा इंग्रजीत विचारतोय, बुकिंग आहे का. निम्मं कुटुंब तिथंच बुजतं. उरलेलं आत जातं, अंगातली सगळी ताकद लावून बॉल फेकतं, तो कडेच्या खाचेत, म्हणजे गटरात जातो, आणि अर्ध्या-पाऊण तासात दोन-तीन हजार मोजून सगळे बाहेर येतात.

असल्या जागा जादा पैसे घेतात ते दिव्यांचे, सोफ्याचे आणि गाण्याचे. खेळ तोच आहे, साधा आहे: लांब गुळगुळीत पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड बॉल घरंगळत सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या; त्यात ताकदीपेक्षा सावकाशपणाला जास्त मान आहे. वेळ नीट निवडली, बॉल नीट निवडला आणि हात हळू सोडला, तर आठ वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आज्जीपर्यंत सगळ्यांचा तास मजेत जातो. ते कसं करायचं, ते क्रमानं सांगतो.

जागा आणि वेळ

बोलिंगच्या जागा साधारण तीन तऱ्हेच्या. एक, मॉलमधला गेम झोन: व्हिडिओ गेमच्या गोंगाटात कोपऱ्यात चार-सहा लेन. दोन, रेस्टॉरंट-बारला जोडून केलेल्या थाटाच्या लेन. मुंबईतलं गेम पॅलासिओ या जातीचं. तीन, मुळात बोलिंगसाठीच ओळखली जाणारी जुनी ठिकाणं. बेंगळुरूत चर्च स्ट्रीटवरचं अमीबा कित्येक वर्षांपासून लोकांना माहीत आहे. सुट्टीत घरच्यांना घेऊन एकदाच जायचं असेल तर दुसऱ्या तऱ्हेची जागा, पण दुपारची, असं माझं मत. बसायला ऐसपैस मिळतं, जे खेळत नाहीत त्यांचीही सोय होते, आणि दुपारी तिथं बारचा माहौल नसतो.

फोन करून पहिला प्रश्न विचारायचा तो लेनच्या लांबीचा. काही रिसॉर्टमध्ये आणि लहान गेम झोनमध्ये आखूड लेन आणि बिनभोकांचे छोटे बॉल असतात. लहान पोरांना ते चालतं, पण मोठ्यांचा हिरमोड होतो. खऱ्या लेनची लांबी फाउल रेषेपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नाही ती रेषा) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, म्हणजे १८ मीटरहून थोडी जास्त. 'लेन फुल लेंथ आहे का?' एवढं विचारलं की पुरे.

आता वेळ. शनिवार-रविवारची संध्याकाळ सोडून काहीही चालेल. मंगळवार-बुधवारी दुपारी दर बहुधा कमी असतो आणि शेजारची लेन रिकामी असते. नवख्याला याचा फायदा पैशापेक्षा मोठा, कारण बघणारं कोणी नसतं. आपल्याला आणखी एक फायदा आहे, तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते. महाराष्ट्रातली पोरं तेव्हा अजून परीक्षेत असतात. आपली मोठी सुट्टी दसऱ्याची, तिकडची दिवाळीची. त्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा दसऱ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तर सुट्टी तुमची असते आणि गर्दी नसते. बेंगळुरूला मात्र हा हिशोब चालत नाही, तिथं सगळ्यांची सुट्टी एकदमच.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. चोर्ला घाटानं जा नाहीतर अनमोडनं, वळणांनी पोरांचं पोट ढवळतं. पोचल्या पोचल्या बोलिंगचं बुकिंग ठेवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, समुद्रावर ऊन असह्य असतं तेव्हाचे दोन तास यासाठी झकास. पावसाळ्यात गेलात तर हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम होऊ शकतो.

दर कसा समजून घ्यायचा

दर दोन पद्धतीनं लावतात: माणशी दर गेमला, किंवा अख्ख्या लेनचा तासाला. यातलं स्वस्त कुठलं हे काउंटरवर उभं राहून ठरवायला गेलं की गोंधळ होतो, म्हणून घरीच एक साधा हिशोब लक्षात ठेवा. एका माणसाचा एक गेम संपायला साधारण दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाभरात एका लेनवर सहा 'माणूस-गेम' बसतात, मग दोघं तीन-तीन गेम खेळा की सहा जण एक-एक. नवखी मंडळी फोटो काढतात, बॉल बदलतात, एकमेकांना शिकवतात. म्हणून सहाऐवजी पाच धरा. आता माणशी दराला पाचनं गुणा. उदाहरणार्थ समजा माणशी ४०० आहे: पाच गुणिले ४०० म्हणजे २०००. लेन तासाला १८०० ला मिळत असेल तर ती घ्या, २२०० ला असेल तर माणशी दरानं खेळा.

याच्या जोडीला चार गोष्टी विचाराव्या लागतात. शूजचं भाडं दरात धरलंय की वेगळं? जीएसटी धरून सांगताय की वरून लागणार? मोजे आपले चालतील की त्यांच्याकडूनच घ्यावे लागतील? आणि खाण्यापिण्यावर किमान खर्चाची अट आहे का? ही शेवटची अट थाटाच्या जागी संध्याकाळी असते आणि ती बहुधा कोणी आपणहून सांगत नाही. संध्याकाळनंतर लहान मुलांना आत घेतात का, हेही बार असलेल्या ठिकाणी विचारून ठेवलेलं बरं. एका लेनवर बहुतेक ठिकाणी सहा ते आठ जण चालतात, खरं सहाच्या वर गेलं की आपली पाळी यायला इतका वेळ लागतो की पोरं पळापळी सुरू करतात. आठ जण असाल तर चार-चारच्या दोन शेजारच्या लेन मागा.

बेंगळुरूत फोन केलात तर सरळ कन्नडमध्ये बोला. आपल्या तोंडचं 'एष्ट आगतैती री?' (किती होतंय हो?) ऐकून पलीकडचा थोडा हसेल, पण माहिती नीट आणि सविस्तर देईल, असा अनुभव आहे.

काय घालायचं, काय न्यायचं

पायमोजे न्या. प्रत्येकाचे, जाडसर, सुती. भाड्याचे शूज शेकडो लोकांनी घातलेले असतात. मोजे विसरलात तर तिथले विकत घ्यावे लागतात.

कपडे गुडघ्यात वाकता येईल असे हवेत, कारण बॉल सोडताना वाकायचं असतं. घट्ट जीन्स हा यातला सगळ्यात वाईट पर्याय. पंजाबी ड्रेस उत्तम. साडीत खेळता येत नाही असं काही नाही. पदर घट्ट खोचायचा, निऱ्या चार बोटं वर घ्यायच्या, आणि चालत न जाता रेषेजवळ उभं राहून बॉल सोडायचा. शहापुरी साडी नेसलेल्या आत्तीनं असा एक स्पेअर काढला, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला पाडल्या, की सोफ्यावरची अख्खी बाजू उभी राहते. बांगड्या कोपराकडे सरकवा, अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवा. बोट सुजून अंगठी अडकणं हा इथला नेहमीचा घोळ. लांब नखं असतील तर भोकात बोटं घालताना जपा.

शूज

काउंटरवर चप्पल-बूट जमा करून शूज मिळतात. नंबर सांगताना तो युकेचा की युएसचा ते विचारा. आपल्याकडे बुटांवर सहसा युकेचा असतो आणि युएसचा त्याहून साधारण एकानं मोठा. थोडे सैल चालतील, घट्ट नकोत.

हे शूज का लागतात, तर त्यांचा तळ गुळगुळीत असतो. बॉल सोडताना शेवटचं पाऊल घसरत जावं लागतं. साधा रबरी तळ तिथं चिकटतो, अंग पुढे जातं आणि माणूस तोंडावर आपटतो. याचाच दुसरा अर्थ असा की तळाला पाणी लागलं की घात. बोलिंगचे शूज घालून बाथरूमला जाऊ नका. कोल्ड्रिंक सांडलेल्या जागेवर पाय देऊ नका. ओल्या तळानं धावत गेलेला माणूस रेषेवर अचानक थांबतो आणि त्याचा गुडघा थांबत नाही. पोरांना हे एकदा दटावूनच सांगा.

बॉल

रॅकवर रंगीबेरंगी बॉल असतात आणि प्रत्येकावर एक आकडा असतो. तो आकडा पौंडातलं वजन. ६ म्हणजे २.७ किलो, ८ म्हणजे ३.६, १० म्हणजे ४.५, १२ म्हणजे ५.४, आणि १६ म्हणजे ७.३ किलो, त्याहून जड बॉल नियमात बसत नाही. अंगाच्या वजनाच्या एक दशांश असा एक ढोबळ नियम सांगतात, पण पहिल्यांदा खेळणाऱ्यानं त्याच्याही खाली राहावं. बायकांनी ८ किंवा ९, पुरुषांनी १० किंवा ११, दहा-बारा वर्षांच्या पोरांनी ६ किंवा ७. आनंदवाडीच्या आखाड्यात घाम गाळणाऱ्या पैलवानानंसुद्धा पहिल्या गेमला बारावर थांबावं. जड बॉल दोन वेळा टाकायला जमतो, गेमच्या दहा फ्रेम (फ्रेम म्हणजे एक पाळी) टाकायला नाही. सातव्या फ्रेमपासून खांदा पडतो आणि बॉल गटराकडे चालू लागतो.

वजनाइतकीच महत्त्वाची गोष्ट भोकांची, आणि तिकडे कोणी बघत नाही. अंगठा अख्खा आत, मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत आत, तर्जनी आणि करंगळी बाहेर बॉलवर पसरलेली. आधी अंगठा घाला आणि हात सरळ बॉलवर पसरा: दोन बोटांचं दुसरं पेर भोकाच्या जवळच्या कडेच्या किंचित पुढे पोचलं तर बॉल तुमचा. अंगठा बाहेर काढताना भोकाच्या भिंतीला हलकासा घासत, पण न अडकता निघाला पाहिजे. अडकला तर बॉल हात ओढत नेतो. फार सैल असला तर तो पडू नये म्हणून तुम्ही बोटं आवळता आणि मनगट दुखतं. चार-पाच बॉल घालून बघायला लाजू नका, वेळ लागला तरी चालेल. तुमचा बॉल ठरला की त्याचा रंग आणि आकडा लक्षात ठेवा.

परत आलेला बॉल उचलताना दोन्ही हात दोन्ही बाजूंनी लावा. मागून दुसरा बॉल वेगानं येत असतो. दोन बॉलांच्या मध्ये बोटं सापडली की बाकीची सुट्टी बर्फ लावण्यात जाते.

टाकायचा कसा

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गंमत इथंच आहे.

समोर दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. टोकाची एक नंबर, तिच्या मागे डावीकडून दोन आणि तीन, मग चार-पाच-सहा, शेवटच्या रांगेत सात ते दहा. प्रत्येक पिन १५ इंच उंच आणि दीड किलोच्या आसपास वजनाची. आता गणित बघा. बॉलचा व्यास साडेआठ इंच, पिनांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १२ इंच, आणि त्रिकोणाची मागची बाजू तीन फूट. म्हणजे बॉल काही दहाही पिनांना लागू शकत नाही. उजव्या हातानं टाकलेला अगदी आदर्श बॉल एक, तीन, पाच आणि नऊ या चारच पिनांना शिवतो. बाकीच्या सहा पिना पिनाच पाडतात, कॅरमच्या सोंगट्यांसारख्या एकमेकींवर आदळून. म्हणून नेमकं एक नंबरच्या नाकावर मारायचं नसतं. एक आणि तीनच्या मधल्या फटीत बॉल गेला पाहिजे. डावखुऱ्यांसाठी एक आणि दोनच्या मध्ये. या फटीला पॉकेट म्हणतात. नाकावर बसलेला बॉल मधोमध घुसतो आणि दोन टोकांना दोन पिना हसत उभ्या राहतात. त्याला स्प्लिट म्हणतात.

याच कारणानं जोर कामाचा नाही. जोरात आलेल्या बॉलनं पिना उडतात, शेजारणीच्या डोक्यावरून जातात आणि शेजारीण जागेवरच राहते. मध्यम वेगाचा बॉल पिनांना आडवा ढकलतो आणि त्या एकमेकींना घेऊन पडतात. क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या पोरांना हे पटत नाही. त्यांचा खांदा आपोआप जोर लावतो. त्यांना पहिल्या दोन फ्रेम त्यांच्या मनासारख्या करू द्या, मग सांगा.

पहिले काही बॉल चालत न जाता टाका. फाउल रेषेपासून हातभर मागे उभं राहा, उजव्या हातानं टाकत असाल तर डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला. बॉल दोन्ही हातांनी पोटाजवळ धरा. पुढे ढकला, खाली सोडा, मागे जाऊ द्या, आणि पुढे येईल तेव्हा घोट्याजवळ सोडून द्या. हात खांद्यापासून सैल लोंबता ठेवायचा. वजन बॉलचं, झोका बॉलचा, तुम्ही फक्त सोबत जायचं. सोडताना तळहात पिनांकडे आणि अंगठा वर, घड्याळात बाराचा काटा असतो तसा. सोडल्यावर हात थांबवू नका, तसाच चेहऱ्यापर्यंत वर येऊ द्या. बॉल लाकडावर 'धप्' करून पडला तर तुम्ही उशिरा सोडला किंवा वाकला नाहीत. नीट सुटलेला बॉल जवळजवळ आवाज न करता लागतो.

दुसरी गोष्ट नजरेची. पिना ६० फुटांवर आहेत. तिकडे बघून नेम लागत नाही. रेषेच्या पुढे साधारण १५ फुटांवर लेनवर सात बाण रंगवलेले असतात, ते याचसाठी. उजव्या हाताच्या माणसानं उजवीकडून दुसरा किंवा तिसरा बाण धरावा आणि बॉल त्याच्यावरून जाईल एवढंच बघावं. पिनांचं काय झालं ते आवाजावरून कळतंच.

बॉल सारखा डावीकडे जात असेल तर उभं राहायची जागा डावीकडे सरकवा, बाण तोच ठेवा. उजवीकडे जात असेल तर उजवीकडे. उलटं वाटतं खरं, पण पाय डावीकडे नेऊन त्याच बाणावरून टाकलं की बॉलची दिशा उजवीकडे वळते. एकदा हे समजलं की दर वेळी हात वाकडा करायची गरज राहत नाही.

हे जमलं की चार पावलं: उजवं, डावं, उजवं, आणि डावं घसरत. पहिल्या पावलाबरोबर बॉल पुढे ढकलायचा, शेवटच्याबरोबर सोडायचा. धावायचं नाही. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येतो त्याच चालीनं चालायचं. आणि रेषा ओलांडायची नाही, नियमाबाहेर ठरतं म्हणूनच नव्हे. रेषेपलीकडे लेनवर तेल लावलेलं असतं, साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत, मध्ये जास्त आणि कडेला कमी. त्यावर पाय पडला की माणूस आडवाच.

बॉलला वळण देणं, म्हणजे हुक, हा मुद्दा मी मुद्दाम टाळतोय. शेजारच्या लेनवरचा कॉलेजचा पोरगा मनगट फिरवून बॉल वळवत असेल. बघून कौतुक करा, नक्कल करू नका. सुट्टीतल्या एका तासात तो येत नाही, मनगट मात्र दुखतं.

उरलेल्या पिना

प्रत्येक फ्रेममध्ये दोन बॉल मिळतात. पहिल्यात आठ पडल्या, दोन राहिल्या, तर खरा खेळ आता सुरू होतो. नियम एकच: तिरकं टाका. उजव्या कोपऱ्यातली दहा नंबर राहिली तर डावीकडे जाऊन उभं राहा आणि बॉल लेन कापत न्या. डाव्या कोपऱ्यातली सात राहिली तर उजवीकडून. समोरासमोर टाकायला गेलं की गटर अगदी शेजारी असतं आणि जरा चुकलं की संपलं. तिरक्या रेषेत चुकायला जागा मिळते.

गुण

गुण स्क्रीनच मोजतो, पण आकडे असे का उड्या मारतात ते समजलं नाही तर चुरस कळत नाही. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक: दहा, अधिक पुढच्या दोन बॉलांत जेवढ्या पडतील तेवढ्या. दोन बॉल मिळून दहा पडल्या तर स्पेअर: दहा, अधिक पुढच्या एका बॉलच्या. पहिल्या फ्रेमला स्ट्राइक, दुसऱ्याला सात आणि तीन, तिसऱ्याला चार आणि तीन असं पडलं समजा. पहिली फ्रेम दहा अधिक सात अधिक तीन, वीस. दुसरी दहा अधिक चार, चौदा; एकूण ३४. तिसरी सात, एकूण ४१. दहाव्या फ्रेमला स्ट्राइक किंवा स्पेअर पडला तर जास्तीचे बॉल मिळतात. सगळे बाराही बॉल स्ट्राइक गेले तर ३००, त्याच्यावर गुण नाहीत. लागोपाठ तीन स्ट्राइकना टर्की म्हणतात. नवख्याचे शंभर झाले तर त्यानं घरच्यांना आइस्क्रीम द्यावं.

पिनांच्या डोक्याला दोऱ्या बांधलेल्या दिसल्या तर दचकू नका. हल्ली बऱ्याच नव्या ठिकाणी दोरीची यंत्रं असतात; स्वस्त पडतात आणि सांभाळायला सोपी. मुरलेले खेळाडू त्यावर नाक मुरडतात, पण अमेरिकेच्या बोलिंग संघटनेनंसुद्धा २०२३ मध्ये त्या खेळाला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. पिना उभ्या करायची यंत्रं येण्याआधी हे काम लेनच्या टोकाला बसलेली पोरं हातानं करायची. स्वयंचलित यंत्रं रुळली ती १९५० च्या दशकात. आपल्या भागात ज्याला नुसता सुट्टीतला विरंगुळा समजतात तो खेळ १९७८ पासून आशियाई स्पर्धांतही खेळला गेलाय.

समोर पिना झाडणारी दांडी खाली असेल तोवर बॉल टाकू नका, आदळून यंत्र बिघडतं. आणि शेजारच्या लेनवर कोणी टाकायला उभा असेल तर त्याला आधी जाऊ द्या. दोघं एकदम आलात तर उजवीकडच्यानं आधी जायचं, असा जुना रिवाज आहे.

पोरं आणि आज्जी

लहानांसाठी गटर झाकणारे बंपर मागा. नव्या यंत्रांत ते खेळाडूनुसार आपोआप वर-खाली होतात, म्हणजे पोराच्या पाळीला वर, बापाच्या पाळीला खाली. नाव नोंदवतानाच सांगायचं. बापाला बंपर हवे असतील तर हळूच काउंटरवर जाऊन सांगावं, कोणाला कळत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना आणि गुडघे-पाठ धरलेल्या ज्येष्ठांना उतरणीसारखी लोखंडी किंवा प्लॅस्टिकची रॅम्प मिळते. बॉल वर ठेवायचा, दिशा लावायची, ढकलायचा. आज्जी खुर्चीत बसूनसुद्धा खेळू शकते. 'मला नको, तुम्ही खेळा' हे पहिल्या वेळचं म्हणणं ऐकायचं नाही. एकदा हातानं ढकलून चार पिना पडल्या की पुढची पाळी ती स्वतः मागते. गरोदर बायकांनी आणि खांद्याचं, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी मात्र बसून दाद द्यावी.

संध्याकाळी दिवे मालवून अतिनील उजेडात खेळवतात तेव्हा पांढरे कपडे चमकतात, फोटो छान येतात, आणि गाणी इतकी मोठी असतात की कानाचं यंत्र लावणाऱ्यांचे हाल होतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर दुपारच बरी.

खाणं आणि बिल

जेवून जा, पण तुडुंब नको. लेनपाशी बसून तळलेलं खायला मागवलं की तेच तेलकट हात बॉलला लागतात आणि बॉल निसटतो. खायचंच असेल तर गेम संपल्यावर, टेबलावर. बाहेरचं खाणं आत चालत नाही, त्यामुळे कुंद्याचा डबा गाडीतच राहू द्या. पाणी विचारून घ्या. न विचारता बाटली फोडून आणतात आणि ती बिलात दिसते.

पहिल्या वेळी दोन गेम पुरे. तिसऱ्या गेमला अंगठ्याच्या मुळाशी सालं निघतात आणि दुसऱ्या दिवशी मांडी बोलते.

गेम झोनमध्ये पैसे कार्डावर भरायला लावतात. 'दोन हजार भरा, पाचशे बोनस' ऐकायला गोड असतं, पण उरलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही, आणि बेळगावातून ते कार्ड पुन्हा कधी वापरणार? जेवढं खेळायचं तेवढंच भरा. बोनस वापरायची मुदत आणि तो बोलिंगला चालतो का, हेही विचारा. बरेचदा तो फक्त व्हिडिओ गेमला चालतो.

बिल आलं की तीन ओळी बघा: किती गेम किंवा किती तास, किती शूज, आणि खाण्यावर सेवाशुल्क लावलंय का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार हॉटेल-रेस्टॉरंटांनी सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना उचलून धरल्या. शांतपणे 'हे काढा' म्हणा, सहसा काढतात. नाही काढलं तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. ज्या पोरानं आज्जीची रॅम्प आणून लावली, बॉल निवडायला मदत केली, त्याला खुशीनं काही द्यायचं असेल तर ते त्याच्या हातात द्या.

शूज परत करताना पावती किंवा टोकन लागतं. ते सुरुवातीलाच एका माणसाच्या खिशात ठेवा, सहा जणांच्या सहा खिशांत नको.